जुनं कपाट आणि घरचा चॉक पेंट: कामाच्या नोंदी

१ फेब्रुवारी, शनिवार

कपाट आलं एकदाचं. तीन खणांचं, बुटकं, कमरेला लागेल एवढं, कुणीतरी घर रिकामं करताना काढलेलं. सोबत एक खुर्ची फुकटात, कारण तिचा मागचा पाय डुलतो. कपाट उचलताना कंबर बोलली त्यावरून लाकूड भरीव आहे असं धरून चालले होते, पण वरची फळी व्हिनियरची निघाली, म्हणजे साध्या फळीवर चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेली, आणि एका कोपऱ्यात पापुद्रा एवढा सुटलाय की खाली नख जातं.

घेताना खण उघडून बघितले नाहीत, ही पहिली चूक इथेच लिहून टाकते. घरी आल्यावर कळलं की मधला खण अर्ध्यात अडकतो आणि सगळ्यात खालच्या खणाच्या मागच्या फळीला टाचणीच्या डोक्याएवढी अकरा भोकं आहेत, त्याखाली पिठासारखा भुसा. म्हणजे कीड. आता ती जुनी मेलेली आहे की आत अजून मुक्काम आहे हे नुसतं बघून कळत नाही. सगळा भुसा ब्रशने झाडला, प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलीने गोल केला, इंजेक्शनच्या सिरिंजने भोकांत वाळवीचं औषध सोडलं (हातमोजे घालून, गॅलरीत) आणि खाली काळा कागद अंथरून ठेवला. नवीन पीठ पडलं तर काळ्यावर लगेच दिसेल.

घरीच रंग करायचं कारण सरळ आहे. भिंतीचा पांढरा मॅट इमल्शन पाऊण डबा उरलाय आणि तयार चॉक पेंटचा छोटा डबा या कपाटापेक्षा महाग पडत होता. हे चॉक पेंट नाव अ‍ॅनी स्लोन या बाईंचं, १९९० मध्ये त्यांनी आपला रंग त्या नावाने आणला, आता आपण सगळेच कुठल्याही खडूसारख्या मॅट रंगाला तेच म्हणतो. घरगुती प्रकार म्हणजे इमल्शनमध्ये पांढरी पूड आणि पाणी, बस. कुणी विचारेल की मग सरळ डिस्टेंपर का नाही मारत, त्यात खडूच असतो की. असतो, पण साधा डिस्टेंपर हाताला लागतो, कपाटाला रोज हात लागणार.

२ फेब्रुवारी, रविवार

आज फक्त धुलाई. मुठी, बिजागऱ्या, कुलपाच्या पट्ट्या सगळं काढलं आणि सगळे स्क्रू एका डब्यात टाकले, ज्याचा पश्चात्ताप पुढे महिनाभर केला कारण तीन लांबीचे स्क्रू होते. प्रत्येक खणाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, वर नाव, एवढं करा.

कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून फडक्याने पुसलं, मग साध्या पाण्याने दोनदा. पहिल्या बादलीचं पाणी काळंकुट्ट. मुठींच्या आजूबाजूला वर्षानुवर्षांचा हाताचा चिकटा असतो, तो नुसत्या ओल्या फडक्याने निघत नाही, तिथे टर्पेंटाईन लागलं. फडकं पिळूनच वापरा, व्हिनियरखाली पाणी गेलं की उरलेलाही पापुद्रा सुटतो.

शेजारचे काका डोकावले, त्यांनी तरुणपणी पॉलिशची कामं केलीत. म्हणाले, "अगं, रंग मारायच्या आधी खाली काय आहे ते तरी बघ, मागच्या बाजूला स्पिरिटचा थेंब टाक." टाकला. मिनिटभरात बोटाला चिकट लागलं. म्हणजे चपड्याचं, लाखेपासून केलेलं, जुनं फ्रेंच पॉलिश. खुर्चीवर टाकला तर काहीच नाही, थिनरनेही ढिम्म. तिच्यावर पॉलियुरेथेन किंवा तसलंच काहीतरी कडक वार्निश आहे. ही माहिती मी डोक्यात ठेवली आणि पुढच्या शनिवारी तिचा काहीही उपयोग केला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

सगळीकडे म्हणतात की चॉक पेंटला घासावं लागत नाही, सरळ मारा. मला तेच ऐकायचं होतं त्यामुळे मी ते ऐकलं. खुर्ची न घासता घेतली, म्हटलं ट्रायल होईल.

पहिला घाणा: रंग ३ वाट्या, प्लॅस्टर ऑफ पॅरिस १ वाटी, पाणी १ वाटी. पीओपी कोरडंच रंगात ओतलं आणि ढवळलं. गुठळ्या. ढवळत राहिले, मोठ्या गुठळीच्या बारीक गुठळ्या झाल्या. तरी तसंच मारायला घेतलं, तर ब्रशखाली रवाळ लागायला लागलं. जुन्या नायलॉन मोज्यातून गाळलं त्यात पंधरा मिनिटं गेली आणि तेवढ्यात भांड्यातला उरलेला रंग घट्ट व्हायला लागला. पाणी घालून सैल केला, दहा मिनिटांनी परत घट्ट. अर्ध्या तासाने डाव उभा राहिला त्यात.

हे का होतं ते मी नंतर नीट समजून घेतलं. पीओपी म्हणजे भाजून पाणी उडवलेला जिप्सम, त्याला पाणी मिळालं की तो परत जिप्सम होऊन दगड बनतो, तुम्ही त्यात रंग घाला नाहीतर आणखी काही. वाळणं आणि सेट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरून घातलेल्या पाण्याने सेट झालेलं सुटत नाही, फक्त रंग कमजोर होतो. त्यामुळे आधी पीओपी पाण्यात कालवायचं, एकजीव झालं की रंगात ओतायचं, आणि अर्ध्या तासात संपेल एवढंच करायचं.

आणि वर कडी म्हणजे मी ब्रश आणि भांडं बेसिनमध्ये धुतलं. रात्री पाणी तुंबलं. खालचा वाकडा पाईप काढला तर आत पांढरा दगड, पाईपच्याच आकाराचा, सुंदर साचा आला होता खरं तर. पाईप नवीन घ्यावा लागला. आजच्या दिवसाचा सगळ्यात मोठा खर्च तोच. भांडं आधी कागदाने पुसा, बादलीत धुवा, गाळ खाली बसू द्या आणि गाळ कचऱ्यात टाका.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी खुर्ची लांबून फार छान दिसत होती. जवळ जाऊन पाठीच्या दांडीवर नख ओढलं तर रंग सोललेल्या सालीसारखा निघाला. मग रीतसर तपासलं: ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून चौकटी केल्या, वर चिकटपट्टी घट्ट दाबली आणि झटक्यात ओढली. अर्ध्याहून जास्त चौकटी पट्टीवर आल्या. खालचा थर काचेसारखा गुळगुळीत, रंग त्याला धरणार कशाला.

कपाटाच्या मागच्या बाजूलाही काल एक पट्टा मारला होता. तिथे रंग घट्ट बसलाय, पण पांढऱ्यातून पिवळसर तपकिरी डाग वर आलेत, एका गाठीपाशी तर चक्क गुलाबी. आणखी एक हात मारला, दुपारपर्यंत डाग परत हजर. लाकडातलं टॅनिन, म्हणजे डाग पाडणारं तुरट द्रव्य, आणि जुन्या पॉलिशचा रंग पाण्यात विरघळून वर येतो, आणि आपला रंग पाण्याचाच, म्हणजे प्रत्येक नवा हात त्याला आणखी वर ओढतो. दहा हात मारले तरी दहाव्यावर दिसणार.

शनिवार-रविवार दोन्ही पाण्यात. एक मात्र बरं झालं की आधी खुर्चीवर केलं, सगळं कपाट रंगवून बसले असते तर रडले असते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

खुर्चीचा रंग खरवडून काढला. कपाट १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, मग २२०. लाकूड उघडं पाडायचं नाही, फक्त चकाकी मारायची, हात फिरवला की किंचित खरखर लागली की पुरे. मास्क लावूनच. आणि हे महत्त्वाचं: तुमच्या फर्निचरवर आधीचा जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं, ते कोरडं घासू नका, घरात लहान मुलं असतील तर अजिबातच नको. माझ्यावर पॉलिशच होतं म्हणून घासलं.

वरच्या फळीला घाई केली. कडेला एक काळा डाग जात नव्हता म्हणून ८० नंबर, त्याहून जास्त खरखरीत, घेतला आणि दोनच मिनिटांत व्हिनियरच्या आरपार. एक रुपयाच्या नाण्याएवढा वेगळ्याच रंगाचा भाग उघडा पडला. व्हिनियर कागदाइतकंच जाड असतं कडेला, हे माहीत असूनही. पॉलिश ठेवायचं असतं तर फळी गेली होती, रंग आहे म्हणून वाचले. बारीक भुसा आणि फेविकॉल कालवून खड्डा भरला.

सुटलेल्या पापुद्र्याखाली फेविकॉल पातळ करून जुन्या पत्त्याच्या कडेने आत सारला, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर सपाट लाकूड, त्यावर दोन क्लॅम्प. प्लॅस्टिक विसरलात तर लाकूड पण तिथेच कायमचं चिकटेल. खुर्चीचा पाय पूर्ण काढला, खाचेतला जुना सरस खरवडला आणि मग नवा लावला. जुन्या सरसावर नवा गोंद धरत नाही, मागच्या मालकाने तेच केलं असणार, तीन थर निघाले.

एकूण सहा तास. रंगाचा एक थेंब नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

डाग अडवायला चपडा. काकांनीच सांगितलं. काल रात्री १०० ग्रॅम चपडा ४०० मिली स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत भिजत घातला होता, धातूच्या डब्यात नको. सकाळी विरघळला होता, तळाशी गढूळ साका. तो साका म्हणजे चपड्यातलं मेण, ते वर आलं की पाण्याचा रंग नीट धरत नाही, म्हणून बरणी न हलवता वरचं नितळ तेवढंच ओतून घेतलं.

मऊ ब्रशने पटपट, एकदा फिरवलेल्या जागी परत जायचं नाही. गेलात तर खालचा थर ओढला जातो आणि कडा उमटतात. अर्ध्या तासात वाळतो, म्हणून दोन हात दुपारपर्यंत झाले. खणांच्या आतूनही एक हात मारला, जुन्या कपाटाचा तो कुबट वास उन्हात ठेवून, सोडा ठेवून, कशानेच जात नव्हता, चपड्याने बंद झाला. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस बंद, स्पिरिट आहे ते.

रात्री चपड्यावर रंगाचा एक पट्टा मारून ठेवला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पट्ट्यावर आठवड्यानेही डाग नाही. चिकटपट्टी ओढली, एक चौकट हलली नाही. हुश्श.

आता पूड. पीओपीचा धसका घेतला होता म्हणून आधी हुशारी केली, फळ्यावरचे खडू कुटून चाळले. वाया. एकतर कितीही कुटा रवा राहतोच, आणि फळ्याचे बरेचसे खडू खडूचे नसतातच, जिप्समचे असतात. मग कॅल्शियम कार्बोनेटची तयार बारीक पूड आणली. एकाच फळकुटावर तिन्ही शेजारी शेजारी मारले.

पीओपीवाला सगळ्यात कडक आणि सगळ्यात मॅट, पण ब्रशच्या रेघा राहतात. खडूवाला, म्हणजे ठेचलेले खडू, खरखरीत, त्यावर बोट फिरवलं की अंगावर काटा येतो. कार्बोनेटवाला मऊ, घासला की अगदी गुळगुळीत होतो, आणि मुख्य म्हणजे सेट होत नाही. डब्याला झाकण लावून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही चालतो. प्रमाण शेवटी हे ठरलं: रंग ३ वाट्या, पूड १ वाटी, पाणी पाऊण वाटी, पाण्यात पूड आधी कालवून.

रंग निळसर राखाडी करायचा म्हणून पांढऱ्यात निळ्या आणि काळ्या स्टेनरचे, म्हणजे रंगात मिसळायच्या दाट रंगद्रव्याचे, थेंब मोजून घातले. थेंब मोजले, पण वाट्या अंदाजाने भरल्या, आणि पूड पांढरी असल्याने ती कमीजास्त झाली की शेड बदलते. दुसरा घाणा पहिल्यापेक्षा स्पष्ट फिका. ओला असताना कळलाच नाही, वाळल्यावर खालचा खण वेगळ्या कपाटाचा वाटायला लागला. दोन्ही घाणे एका बादलीत एकत्र केले आणि सगळ्याला परत एक हात. पुरेल एवढा रंग एकदाच कालवा, नाहीतर वजनकाट्यावर करा.

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिला हात वाळल्यावर जे दिसतं ते बघून घाबरू नका. पट्टेपट्टे, खालचं सगळं दिसतंय, कुणीतरी चुना फासल्यासारखं. घरातल्यांनी यथेच्छ बोलून घेतलं. दुसऱ्या हाताला झाकलं जातं.

मी पंखा लावून तासाभरात दुसरा हात सुरू केला, वरून कोरडा होता, आतून नव्हता, एका बाजूला ब्रशबरोबर पहिला थर गोळा होऊन आला. ती बाजू सोडून दिली, रात्री घासली, सकाळी मारली. चार तास थांबा. हाताला गार लागत असेल तर तो अजून ओला आहे.

दोन हातांच्या मध्ये २२० ने हलकंसं, शेवटच्या हातानंतर ४०० ने. कार्बोनेटचा रंग इथे पैसे वसूल करून देतो, तळहात फिरवतच राहावंसं वाटतं.

१ मार्च, शनिवार

खण जात नाहीत. मी उत्साहात खणांच्या बाजू आणि खालच्या पट्ट्याही रंगवल्या होत्या. दोन्हीकडून तीन-तीन थर म्हणजे जो मधला खण आधी अर्ध्यात अडकत होता तो आता आत शिरतच नव्हता, आणि वरचा गेला तो आतच चिकटला. मागची फळी काढून मागून ढकलला.

सगळ्या बाजूंचा रंग घासून काढला, लाकूड उघडं केलं. मधल्या खणाचं मूळ दुखणंही तेव्हा सापडलं, खालच्या पट्टीत एक खिळा मिलिमीटरभर वर आला होता. ठोकला. मग साधी पांढरी मेणबत्ती पट्ट्यांवर दाबून घासली. आता खण एका बोटाने सरकतो. महिनाभराच्या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात समाधानाचं काम हेच.

२ मार्च, रविवार

हा रंग उघडा ठेवला तर हाताचे डाग पितो, म्हणून वरून मेण. मधमाशांचं मेण १ भाग, टर्पेंटाईन ३ भाग, वजनाने. मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवलं (साधारण ६३ अंशांना वितळतं, उकळी नको), गॅस बंद केला, भांडं दुसऱ्या खोलीत नेलं आणि मग टर्पेंटाईन ओतलं. हा क्रम चुकवू नका, टर्पेंटाईनची वाफ पेटते.

जवसाचं तेल घालणार होते, पण फिक्या रंगावर ते पिवळं पडतं म्हणून खुर्चीच्या मूळ लाकडाच्या बैठकीलाच लावलं. तेलाची फडकी चुरगळून डब्यात कोंबू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी बाहेर दोरीवर पसरून वाळवली, मग टाकली.

मेण थोडंच लावायचं. मी बाजूंना लोण्यासारखं थापलं, दोन दिवस चिकट राहिलं, टर्पेंटाईनच्या फडक्याने अर्धं काढावं लागलं.

८ मार्च, शनिवार

कुणीतरी वरच्या फळीवर गरम कप ठेवला. गोल पांढरा डाग. कुणी ते लिहीत नाही, घरात राहायचंय. चूक माझीच, वापराच्या फळीला मेण पुरत नाही, उष्णता आणि स्पिरिट दोन्ही त्याला सोसत नाही.

म्हणून तिथे पाण्याचं पॉलियुरेथेन मारायला घेतलं. मेणावरच. अळवाच्या पानावर पाणी पडावं तसे थेंब थेंब झाले. पुसलं, बंद केलं.

१५ मार्च, शनिवार

टर्पेंटाईनने फळी चार वेळा पुसली, दर वेळी नवीन फडकं, मग सोड्याचं पाणी, मग ४०० ने घासली. तरी एका कोपऱ्यात मेण राहिलंच असणार, म्हणून सगळ्या फळीला चपड्याचा एक हात आणि त्यावर रंगाचा एक हात. उद्या पॉलियुरेथेनचे तीन पातळ हात, मॅटवालं. तेलाचं स्वस्त मिळत होतं, घेतलं नाही, तेही पिवळं पडतं.

२३ मार्च, रविवार

मुठी परत बसवल्या. स्क्रू शोधण्यात पाऊण तास.

वहीत लिहिलेले तास मोजले: धुणं, घासणं, चिकटवणं, चपडा १९ तास. रंग ५. मेण आणि वार्निश ६. केलेलं काढून परत करणं ११. खर्च कपाटाच्या किमतीच्या दीडपट झाला, त्यात पाईप धरलाय. तयार डबा घेतला असता तर थोडासाच जास्त झाला असता, हे घरात सांगितलेलं नाही. पुढच्या वेळी मात्र पूड, चपडा, मेण सगळं शिल्लक आहे.

कपाट जागेवर सरकवायच्या आधी काळा कागद काढायला वाकले. सात आठवडे कोरा होता. आज त्यावर चिमूटभर पीठ होतं, आणि वर टॉर्च मारला तर पेन्सिलीच्या अकरा गोलांच्या बाहेर, ताजं, फिक्या कडांचं बारावं भोक. ही अळी लाकडात वर्षानुवर्षं राहते म्हणे, एका औषधात भागत नाही. मागची फळी रंगवली नव्हती हे नशीब. खण परत बाहेर काढलाय, सिरिंज धुवून ठेवलीये, बाराव्याला गोल केला आणि बाजूला तारीख घातली.